आधी चौकट, मग घर

नाशिक शहरात एकही भिंत सरळ नाही, ही बातमी मला माझ्या मामेसासऱ्यांनी माझ्याच लग्नाच्या मांडवात दिली. मी बोहल्यावरून नुकताच उतरलो होतो, गळ्यात हार होता, पायातल्या जोड्यांचा पत्ता नव्हता आणि समोर पाच फूट एक इंचाचे एक गृहस्थ एक डोळा मिटून माझ्या खांद्यावरून मागे बघत उभे होते. मला वाटलं, नव्या जावयाचं निरीक्षण चाललंय. "जावईबापू, जरा सरका," ते म्हणाले. मी सरकलो. "ही भिंत बघा. पोट काढून उभी हाय. आख्ख्या नाशकात एक भिंत सरळ नाय. तुम्ही काय शिकवता?" गणित शिकवतो, असं मी सांगितलं. "मग तुमचे काटकोन पुस्तकातच ऱ्हायले म्हणायचे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि ते भिंतीकडे निघून गेले. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा, धंद्यानं सुतार, मूळचे नांदगावकडचे. पुढची पंचवीसेक वर्षं मी त्यांच्याकडून काटकोन शिकत होतो आणि अजूनही तो मला नीट आलेला नाही.

तसा मीही जन्मानं सुतारच. पण वडिलांनी माझ्या हातात करवतीऐवजी पाटी दिली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात खिळा सरळ ठोकणारा माणूस उरला नाही. याचं मामांना मनापासून वाईट वाटे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण जसं जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलतो, तसं ते माझ्याशी लाकडाबद्दल बोलत. एकदा शाळेतली बाकं दुरुस्त करायला मी त्यांना बोलावलं. बाकं तासाभरात झाली. मग त्यांनी पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि माझा नववीचा वर्ग चालू असताना ते सरळ आत येऊन कोपऱ्यात उभे राहिले. "पोरांनो," ते म्हणाले, "मास्तरांचा काटकोन अन् हा कोपरा, ह्यांच्यात माझी करंगळी जाती." आणि त्यांनी ती घालून दाखवली. त्यानंतर अख्ख्या वर्गानं रांग लावून आपापली करंगळी घालून बघितली. त्या वर्षी काटकोनाचा धडा मी खिडकीकडे तोंड करून शिकवला.

रिकामं बसणं हा प्रकार मामांना ठाऊक नव्हता. दिवस उजाडायच्या आत ते वखारीत हजर असत आणि संध्याकाळी घरी येताना अंगावर इतका भुसा असे की मामी त्यांना दारातच उभं करून टॉवेलानं झटकत आणि मगच आत घेत. सुट्टीच्या दिवशी ते नातेवाइकांकडे जात, पण पाहुणा म्हणून नव्हे. लोक पेढ्यांचा पुडा आणतात, मामा रंधा आणि पटाशी आणत. चहा येईपर्यंत ते टेबलाखाली शिरलेले असत, आणि यजमानांना त्यांच्या फक्त तळव्यांशी गप्पा माराव्या लागत. आमच्याकडे एकदा न्हाणीघराचं दार करकरतंय म्हणून त्यांनी ते बिजागऱ्यांसकट उतरवलं, "हे इथं नाय व्हायचं" असं म्हणून रिक्षात घातलं आणि घेऊन गेले. ते दार दोन दिवसांनी परत आलं. ते दोन दिवस आमच्या घरातलं प्रत्येक माणूस मोठमोठ्यानं गाणी म्हणत अंघोळ करत होतं. दार मात्र असं झालं की आजतागायत त्याचा आवाज नाही.

पण या माणसाची खरी कारागिरी पाहायची तर ती त्यांच्या स्वतःच्या घरातल्या माणसांभोवती पाहावी. दोन मुलगे, एक मुलगी आणि मामी, एवढ्या चार माणसांचं मोजमाप त्यांना तोंडपाठ होतं. जेवायला बसायचे पाट प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे. मुलगी लिहिताना मान वाकडी करते असं दिसलं तेव्हा तिला ओरडण्याऐवजी त्यांनी तिचं मेज तिरकं केलं. धाकटा झोपेत पलंगावरून पडायचा, तर पलंगाला कडेनं चार बोटं उंच पट्टी आली, आणि तो मोठा झाला तशी ती पट्टी रंध्याखाली दर वर्षी थोडी थोडी उतरत गेली. मामींच्या पाटाबद्दल तर ते चारचौघांत सांगत, "हिचा पाट मी चारदा नवा केला. लाकूड तेच, रुंदी वाढीव." मामी पदर तोंडाला लावून हसत आणि त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकत. मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही कळवणला गेलो, तेव्हा मुलाच्या नोकरीची, शेतीची चौकशी आम्ही केली आणि मामा सबंध वेळ त्या लोकांचं कपाट उघडझाप करत बसले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "द्या पोरगी. ते कपाट लय जुनं हाय, अन् बिजागरी अजून पहिली हाय. त्या घरात कुणी दारं आपटत नाय." आम्ही त्यांना वेड्यात काढलं. ती मुलगी आज तिथं इतकी सुखात आहे की माहेरी यायला तिला आग्रह करावा लागतो.

अशा माणसाला स्वतःचं घर नव्हतं. शहरभर शेकडो घरांच्या चौकटी त्यांनी बसवल्या आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिले. त्यांच्याजवळ होती ती फक्त एक चौकट. तिची हकीकत मामींनीच मला सांगितली. लग्न होऊन मामी पहिल्यांदा नाशकात आल्या तेव्हा खोलीला पत्र्याचं दार होतं आणि उंबरा नव्हता. नव्या नवरीनं तांदळाचं माप उंबऱ्यावरून पायानं लवंडून आत यायचं, तर माप ठेवायचं कुठं? शेवटी शेजारच्या बाईनं एक वीट आणून दारात ठेवली आणि विटेवर माप ठेवलं. मामींना त्यात काही वाटलं नाही. बावीस वर्षांच्या मामांना मात्र ती वीट जन्मभर बोचली. सुताराची बायको, आणि विटेवरून घरात आली. त्याच वर्षी पेठच्या बाजूला लाकडाच्या लिलावातून त्यांनी सागाचा एक तुकडा आणला आणि सगळ्यात आधी उंबरा घडवला, चांगला सहा इंच उंच, पुढच्या अंगाला दोन कमळं कोरलेला. मग दोन्ही बाजूंचे खांब, मग वरची गणपतीची पट्टी. उंची किती ठेवायची, तर आपल्या डोक्यावर वीतभर. "आता हिला उंबऱ्यावरून घरात घ्यायची," असं त्यांनी मामींना सांगितलं. घर तेवढं राहिलं होतं, आणि ते चाळीस वर्षं राहिलं.

या चाळीस वर्षांत सात खोल्या झाल्या आणि प्रत्येक वेळी टेम्पोत आधी चौकट चढली, मग संसार, मग उरलेल्या जागेत मुलं. जोडलेली चौकट सुटी करायची नाही, हा मामांचा कायदा, त्यामुळे ती गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेली असे आणि आधीच लहान असलेली खोली आणखी लहान होई. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत तिचं गोणपाट उतरे, मामी बसून तिला जवसाचं तेल लावत, कमळांच्या पाकळ्यांत बोट घालून पुसत, आणि मुलं तिला झेंडूचा हार घालत. घरातलं चौथं भावंड असावं असा तिचा थाट होता. एका बंगलेवाल्या डॉक्टरांनी ती बघितली आणि म्हणाल ती किंमत देतो म्हणाले. मामा म्हणाले, "चौकट इकायची नाय. हिच्या मापाचं घर कुठं मिळत असंल तर सांगा." डॉक्टरांना वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती.

शेवटी ते जमलं. मुलगे कमावते झाले, मामांचे हात चालतच होते, आणि मखमलाबादच्या अंगाला एक लहानसा प्लॉट घेतला गेला. कागद मामींच्या नावावर झाला, त्यावर चर्चाही झाली नाही. एका तरुण इंजिनीअरनं नकाशा काढून आणला आणि त्यात पुढचं दार रुंद, उंच, दोन फळ्यांचं दाखवलं. मामांनी नकाशा उलटा ठेवला, त्याला हाताला धरून चौकटीपाशी नेलं आणि गोणपाट काढलं. "आधी ही. मग हिच्याभोवती घर." इंजिनीअर म्हणाला, काका, असं कोणी करत नाही. "म्हणून तर भिंती वाकड्या होत्यात," मामा म्हणाले. त्यानं नवा नकाशा काढला.

चौकट बसवायचा दिवस मला आजही लख्ख आठवतो. जोतं तयार होतं, भिंती अजून कुठंच नव्हत्या, आणि त्या मोकळ्या जोत्याच्या पुढच्या कडेला ती चौकट टेकू देऊन उभी केली होती. मिस्त्रीनं आपलं पाण्याचं लेव्हल लावून सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. मामांनी एक डोळा मिटला आणि डावीकडून सुपारीएवढी लाकडाची चिप सरकवली. मग फर्मान निघालं, की पहिलं पाऊल मामींचं, तोवर कोणी आत जायचं नाही. त्यामुळे ताम्हन घेतलेले गुरुजी, घमेली घेतलेले गवंडी, दोघं मुलगे, सुना, कळवणहून आलेली मुलगी, मी आणि माझी बायको, सगळे खाली मुरमावर उन्हात उभे होतो. मामांनी नवा पांढरा सदरा घातला होता. त्यांचा चेहरा असा होता की मला मांडवातला नवरदेव आठवावा, आणि त्या दिवशी खरं तर तेच होतं.

मामी मुरमाच्या उतारावरून काठी टेकत वर आल्या. त्यांचे गुडघे चार-पाच वर्षांपासून दुखत होते, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, जसं घरातलं एखादं जुनं कॅलेंडर माहीत असतं. त्या चौकटीपुढे आल्या, कमळांना हात लावून नमस्कार केला आणि उजवा पाय उचलला. तो उंबऱ्याच्या निम्म्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. त्यांनी काठी मुलीकडे दिली, दोन्ही हातांनी खांब धरला आणि पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मामी खाली बघून थोड्या हसल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "मी अशी बाजूनं जाते की. भिंत कुठंय अजून?"

मामांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि पाहिला नसता तर बरं, असं वाटलं. ज्या माणसानं बायकोच्या पाटाची रुंदी चारदा वाढवली, धाकट्याच्या पलंगाची पट्टी दर वर्षी उतरवली, त्यानं उंबऱ्याचं माप मात्र नव्या नवरीचंच ठेवलं होतं. चाळीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू, तिला तेल लागलं, हार चढले, पण ती कोणासाठी आहे ते पुन्हा मोजायचं राहून गेलं. मोठा मुलगा म्हणाला, "बाबा, पुढून एक पायरी करू." मिस्त्री म्हणाला, "वरून तीन-चार इंच कापून टाकू, पाच मिनिटांचं काम." मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपणहून दोन पावलं मागे सरकला.

"कापायचं नाय," मामा म्हणाले. "उतरवा. जोतं खोदा. उंबरा पुरता खाली घाला, फरशीला सपाट."

"बाबा, कमळं मातीत जातील," मुलगी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

"कमळांना माती नवी नाय."

गुरुजींनी घड्याळ दाखवलं. मुहूर्त टळेल म्हणाले. "मी चाळीस वर्षं थांबलो, मुहूर्ताला तासभर थांबू द्या," मामा म्हणाले. गुरुजींनी मग दुसरी अडचण काढली, की उंबरा जमिनीला सपाट असणं बरं दिसत नाही, लक्ष्मीच्या येण्याची ती जागा. त्यावर मामांनी जे उत्तर दिलं ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. "लक्ष्मीला आत्ताच विचारलं गुरुजी. ती बाजूनं जाते म्हणाली." गुरुजींनी ताम्हन खाली ठेवलं आणि ते स्वतः सोवळं खोचून टेकू धरायला आले.

जोतं खोदायला मामांनी गवंड्याची छन्नी स्वतः घेतली. जन्मभर लाकडात काम केलेला माणूस विटा फोडत होता आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं. गवंडी एकमेकांकडे बघून हसत होते, मामांच्या हाताला फोड आले, पांढरा सदरा विटकरी झाला, पण छन्नी काही त्यांनी सोडली नाही. मला गुण्या धरायला उभं केलं होतं. "मास्तर, आज काटकोन चुकला तर बघा," एवढं एकच वाक्य ते तासाभरात बोलले. चर तयार झाला, चौकट खाली उतरली, आणि मामींनी चाळीस दसरे पुसलेली ती दोन कमळं मुरमाखाली गेली. उंबऱ्याची वरची कड तेवढी जोत्याच्या सपाटीला दिसत राहिली. मामांनी त्यावर तळहात फिरवला, दोनदा फिरवला, आणि मामींना म्हणाले, "ये."

मामी काठीशिवाय गेल्या. पाय उचलावा लागलाच नाही, नुसता पुढे टाकला आणि त्या पलीकडे होत्या. धाकट्या सुनेनं घाईघाईनं एका वाटीत तांदूळ भरून आडवे ठेवले होते, ते लवंडायचं मामी विसरल्या आणि मग वळून त्यांनी मुलीनं पुढे केलेल्या काठीच्या टोकानं ते लवंडले. काय टाळ्या झाल्या त्या वेळी. शेजारच्या प्लॉटवरचे मजूरही काम सोडून बघायला आले. त्यानंतर मामांनी एकेकाला चौकटीतून आत घ्यायला सुरुवात केली. चारी बाजू उघड्या होत्या, पण कोणाची बाजूनं जायची हिंमत नव्हती. गवंडी घमेली घेऊन चौकटीतून गेले, गुरुजी चौकटीतून गेले, आणि मागच्या बाजूनं चुकून जोत्यावर चढलेलं एक कुत्रं मामांनी हुसकावून पुढच्या चौकटीतूनच बाहेर काढलं. मी आत शिरलो तो कपाळ आपटूनच. मूळच्या मापात माझ्या उंचीला चार बोटं शिल्लक होती, ती उंबऱ्याबरोबर जमिनीत गेली होती. "वाका की मास्तर," मामा म्हणाले. "माझ्या बायकोचं घर हाय."

शेवटी मानाची वेळ आली. चौकट बसली की घरमालकानं सुताराला टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान करायचा, ही आपल्याकडची रीत. मामांना असे टॉवेल-टोप्या इतक्या मिळाल्या होत्या की नांदगावकडच्या अर्ध्या भावकीच्या डोक्यावर त्यांच्याच टोप्या होत्या. आता मालक कोण आणि सुतार कोण, असा गुरुजींना प्रश्न पडला. मामा काही न विचारता सुताराच्या पाटावर जाऊन बसले, हात जोडून, जसे जन्मभर बसत आले होते. समोर मालकीण म्हणून मामी खुर्चीत बसल्या. त्यांनी मामांना गंध लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, ओंजळीत नारळ ठेवला. मामा म्हणाले, "मालकीणबाई, कामात काय चूकमाक झाली असंल तर सांगा."

"झाली होती," मामी म्हणाल्या. "वेळेत निघाली."

मामांनी कधी कुणाची दिलेली टोपी घातली नव्हती. ती मात्र संध्याकाळपर्यंत काढली नाही. जेवताना होती, गवंड्यांना लाडू वाटताना होती, आणि मखमलाबाद रस्त्यावरून रिक्षात बसून भाड्याच्या खोलीवर परत जाताना तीच टोपी घालून ते दोन्ही बाजूंच्या इमारतींकडे अशा नजरेनं बघत होते, की नाशकात आता एक तरी गोष्ट सरळ उभी आहे. मी आयुष्यात बक्षीस समारंभ पुष्कळ पाहिले, शाळेत दर वर्षीच असतात, पण जिंकलेला माणूस मी तो एकच पाहिला.

त्या घरात मामा पाच वर्षं राहिले. भिंती त्यांनी गवंड्यांकडून दोनदा पाडून घेतल्या, त्यामुळे त्या बऱ्यापैकी सरळ आहेत. गेल्या पौषात, सकाळी चहा घेऊन ओट्यावर उन्हाला बसले होते, तिथंच गेले. कोणाला काही करायला वेळच दिला नाही. आम्हा सगळ्यांच्या घरांतली दारं त्यानंतर काही दिवस जरा जपूनच उघडली-मिटली गेली. माझ्या बायकोला अजून कुठं करकर ऐकू आली की भरून येतं.

परवा मामींना भेटायला गेलो. नेहमीप्रमाणे कपाळ आपटून आत शिरलो. मामी आता वॉकर घेऊन चालतात. चहा झाल्यावर त्या मला पोचवायला ओट्यापर्यंत निघाल्या, आणि त्यांचा वॉकर दारातून इतका सहज पुढे गेला की चाकांचा आवाजसुद्धा बदलला नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामी, त्या दिवशी मामांनी चौकट खाली घेतली, ते किती बरं केलं."

मामी थांबल्या. पायाखाली बघितलं, तिथं सागाची एक तेलकट रेघ तेवढी दिसत होती.

"बरं केलं खरं," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, रोज जरा ठेच लागली असती ना, तर चार शिव्या तरी दिल्या असत्या त्यांना. लागतच नाय."

मग त्यांनी वॉकर पुढे सरकवला आणि त्या बाहेर उन्हात गेल्या.